नाड्याखालची जखम

मंडळी, मार्गशीर्ष महिना होता. सटाण्याला देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा जवळ आली होती. शिवारात कांद्याची लागवड चालू होती. दिवसभर वाकून रोपं लावलेल्या बाया रात्री वर्गाला आल्या होत्या. त्या दिवशी आम्ही फळ्यावर शरीराच्या भागांची नावं लिहीत होतो. डोकं, मान, खांदा, पाठ, कंबर.

'कंबर' हा शब्द लिहिला, तशी मागच्या रांगेतली एक आजी हसून म्हणाली, "गुरुजी, कमरेचं काय विचारता! तिथं तर जन्माचा काळा पट्टा पडलाय."

सगळ्या बाया हसल्या. एक जण म्हणाली, "पट्टा कुणाला नाही? मलाही आहे." दुसरी म्हणाली, "माझ्या तर तिथं सारखी खाज सुटते." तिसरी काहीच बोलली नाही. तिनं पदर सावरला आणि मान खाली घातली.

आम्हाला हसू आलं नाही. आम्हाला आमची आक्का आठवली. तिची गोष्ट आम्ही त्या रात्री वर्गात सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो. ती वाचा, आणि घरी वाचून दाखवा.

बैलाची मान

आधी एक साधी गोष्ट विचारतो. बैलाच्या मानेवर जू असतं. जू रोज एकाच जागी घासतं. तिथले केस जातात. कातडी जाड होते. पुढं ती सोलते आणि जखम होते. तेव्हा शेतकरी काय करतो? तो म्हणतो, "याला चार दिवस जुंपू नका." तो जखम धुतो, औषध लावतो. जू खडबडीत असेल तर तासून घेतो.

म्हणजे घासण्यानं जखम होते, हे आपल्याला ठाऊक आहे. घासणं थांबलं नाही तर जखम भरत नाही, हेही ठाऊक आहे. मग आपल्या स्वतःच्या कमरेचं काय? तिथंही एक जू आहे. परकराचा नाडा हे ते जू. लुगड्याची गाठ, धोतराची गाठ, करगोटा, चड्डीची नाडी, हीसुद्धा तसलीच जुवं. बैलाची मान आपण रोज पाहतो. आपली कंबर आपण किती वर्षांत पाहिली नाही?

आक्काची गोष्ट

आक्का म्हणजे आमची थोरली बहीण. बागलाणातल्याच एका खेड्यात तिला दिलेली. शेतात राबणारी बाई. जन्मभर ती नऊवारी लुगडं नेसली. वाकून काम करताना लुगडं सैल पडू नये, म्हणून गाठ करकचून बांधायची. कनवटीला पैसे आणि पानाची चंची. पन्नास वर्षं गाठ एकाच जागी, उजव्या बाजूला.

आधी तिथं काळा पट्टा पडला. मग कातडी जाड झाली. कोंड्यासारखे पापुद्रे निघू लागले. खाज येई. घाम आला की चुरचुरे. पुढं तिथं भेग पडली. आक्का खोबरेल लावी, हळद लावी. भेग भरे. कांदे काढायला गेली की पुन्हा उघडे. असं वर्षानुवर्षं चाललं.

एके वर्षी भेग भरलीच नाही. तिची जखम झाली. पहिल्यानं ती आठ आण्याच्या नाण्याएवढी होती. कडा उचललेल्या, कठीण. मधून पाणी येई, कधी रक्त येई. आक्कानं काय केलं? जखमेवर फडकं ठेवलं आणि वरून लुगडं आणखी घट्ट बांधलं.

मध्ये एकदा ती एका औषध देणाऱ्याकडे गेली होती. "कमरेला जरा खरचटलंय," एवढंच म्हणाली. तिनं जखम दाखवली नाही. त्यानंही पाहायला मागितली नाही. मलम दिलं. ते मलम तिनं वर्षभर लावलं.

शेवटी कपडे धुताना सुनेला लुगड्यावर रक्ताचे डाग दिसले. सून शहाणी. तिनं सासूला खोलीत नेलं, दार लावलं आणि जखम पाहिली. त्याच दिवशी तिनं आम्हाला फोन केला. आम्ही आक्काला घेऊन नाशिकला गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी जखमेच्या कडेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. काही दिवसांनी उत्तर आलं. त्वचेचा कर्करोग. म्हणजे कातडीचा कॅन्सर. तोवर जांघेत एक गाठही आली होती. रोग जखमेतून तिथवर पोचला होता.

मोठी शस्त्रक्रिया झाली. जखम आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढली. मांडीची कातडी काढून तिथं लावली. जांघेतल्या गाठी काढल्या. आक्का वाचली. आज ती आहे. पण तिचा उजवा पाय सुजतो. तिला फार वेळ उभं राहवत नाही. डॉक्टर म्हणाले, "दीड-दोन वर्षं आधी आणलं असतं, तर लहानशा शस्त्रक्रियेवर भागलं असतं."

आम्ही आक्काला विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "भावाला कमरेची जखम कशी दाखवायची रे?"

मंडळी, आम्ही सारा जन्म शाळेत काढला. पोरांना शरीराचे भाग शिकवले. पण आमच्या सख्ख्या बहिणीला आपल्या शरीराबद्दल चार शब्द बोलता यावेत, एवढं काही आमच्या हातून झालं नाही. म्हणून हा धडा लिहिला.

हा रोग कुणी ओळखला?

तुम्हाला वाटेल, ही एका घरातली गोष्ट. तसं नाही. ही गोष्ट आपल्या मुलखात फार आधी ओळखली गेली आहे.

मुंबईला परळ भागात टाटा स्मारक रुग्णालय आहे. ते २८ फेब्रुवारी १९४१ या दिवशी सुरू झालं. तिथं डॉ. वसंत रामजी खानोलकर नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. रोग्याच्या शरीरातला तुकडा सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहून रोग ओळखायचा, हे त्यांचं काम. १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी एक लेख लिहिला. माणसाच्या सवयींमुळे कोणते कॅन्सर होतात, असा त्याचा विषय होता. त्यात 'धोतराचा कॅन्सर' सांगितला होता. धोतर वर्षानुवर्षं कमरेला घट्ट बांधून तिथल्या कातडीला होणारा हा रोग.

पुढं स्त्रियांच्या कमरेवरचे असेच रोगी डॉक्टरांना दिसले. त्याला 'साडी कॅन्सर' असं नाव पडलं.

२०२४ सालीही अशा दोन स्त्रियांची हकीकत छापून आली. ती वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी लिहिली होती. एक बाई ७० वर्षांची. परकराचा नाडा घट्ट बांधायची. तिच्या कुशीवरची जखम १८ महिने भरली नव्हती. दुसरी बाई साठीच्या पुढची. ती ४० वर्षं परकराशिवाय लुगडं नेसत होती, कमरेला घट्ट. तिची जखम २ वर्षांची होती, आणि रोग जांघेपर्यंत गेला होता. अगदी आमच्या आक्कासारखंच.

त्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दोष साडीचा नाही. करकचून बांधलेल्या नाड्याचा आणि गाठीचा आहे. तेव्हा साडी नेसू नका, असं आम्ही म्हणत नाही. साडी खुशाल नेसा. नाडा तेवढा सैल करा.

आपल्याकडे तो झाकलेल्या जागी का होतो?

ऑस्ट्रेलियासारख्या देशात गोऱ्या कातडीची माणसं पुष्कळ आहेत. तिथं कातडीचा कॅन्सर फार होतो. कडक उन्हानं होतो. म्हणून तो नाकावर, कानावर, गालावर, हातावर दिसतो. उघड्या जागी असतो, तेव्हा लौकर नजरेला पडतो.

आपली कातडी सावळी. कातडीत काळा रंग असतो, तो छत्रीसारखं काम करतो. उन्हापासून बराचसा बचाव करतो. म्हणून आपल्याकडे हा रोग कमी. पण कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. आपल्याकडे तो पुष्कळदा ऊन पोचत नाही अशा जागी होतो. नाड्याखाली, जुन्या भाजल्याच्या डागात, पायाच्या तळव्याला, नखाखाली. या जागा झाकलेल्या असतात. तिथं कुणी पाहत नाही, आणि दाखवायची लाज वाटते. त्यामुळं रोग उशिरा सापडतो.

जखमेचा कॅन्सर कसा होतो?

आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. पेशी इतक्या लहान, की डोळ्यांना दिसत नाहीत. कातडीच्या जुन्या पेशी झडतात, खालून नव्या येतात. हे काम शिस्तीनं चालतं.

शेताचा बांध डोळ्यांपुढं आणा. बांध एकाच जागी रोज फुटला, तर शेतकरी रोज तिथं माती टाकतो. घाईघाईनं टाकतो. वर्षानुवर्षं असं चाललं, तर एखाद दिवशी काम बिघडायचंच. कातडीचंही तसंच. नाडा रोज घासतो. वरून घाम, धूळ, उकाडा. कातडी रोज फाटते आणि शरीर रोज नव्या पेशी घडवून ती सांधतं. पुष्कळ वर्षं असं चाललं, की एखादी पेशी चुकीची घडते. ती शिस्त पाळत नाही. ती वाढतच सुटते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. त्यांचाच हा कॅन्सर. वेळेवर काढला नाही तर तो खोल जातो, आणि जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठींत पोचतो.

भिऊ नका. कमरेला काळा पट्टा पुष्कळांना असतो. त्यातल्या फार थोड्यांना हा रोग होतो. पट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. पण न भरणारी जखम म्हणजे दाखवण्याची गोष्ट.

आणखी कुठं कुठं होतो?

काश्मीरात थंडी फार. तिथले लोक निखाऱ्यांचं मडकं वेताच्या टोपलीत घालून अंगरख्याखाली पोटाशी धरतात. त्याला कांगडी म्हणतात. ऊब मिळते, पण कातडी वर्षानुवर्षं भाजत राहते. त्यातून पोटावर आणि मांडीवर कॅन्सर होतो. डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ सालीच याची माहिती लिहून ठेवली.

इंग्लंडात धुराडी साफ करायला लहान मुलांना आत चढवीत. काजळी त्यांच्या गुप्त भागाच्या कातडीत बसे. ती मुलं मोठी झाली, की त्या जागी कॅन्सर होई. लंडनचे डॉ. पॉट यांनी १७७५ साली हे ओळखलं.

हे झालं दूरचं. आता आपल्या गावचं पाहू.

भाजल्याचा जुना डाग पाहा. चुलीवर, स्टोव्हवर भाजलेल्या बाया गावोगाव आहेत. भाजलेली जागा भरते, पण कातडी ताणलेली, पातळ राहते. वीस-तीस वर्षांनी तिथं पुन्हा जखम झाली आणि भरेना, तर ती दाखवावी. काही ठिकाणी पोट दुखलं की डाग देतात. तोही भाजल्याचाच डाग. औषध म्हणून डाग देऊ नये.

पायावरची जुनी, वाहती जखमही अशीच. दहा वर्षं झाली, सवय झाली, म्हणून सोडून देऊ नये.

पायाचा तळवा आणि नख यांचं तर नीट ऐका. कातडीचा आणखी एक कॅन्सर आहे. तो रंग बनवणाऱ्या पेशींचा असतो आणि वेगानं पसरतो. सावळ्या माणसांत तो तळव्याला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. आपण शेतात अनवाणी चालतो. काटा मोडतो, ठेच लागते. तळव्याला काळा डाग दिसला की म्हणतो, काटा आत राहिला असेल. नख काळं झालं की म्हणतो, ठेच लागली. बहुधा तसंच असतं. पण ठेचेचं काळं नख वाढतं तसा डाग पुढं सरकतो आणि निघून जातो. जो डाग जात नाही, वाढतो, ज्याची कड वेडीवाकडी असते, ज्यातून रक्त येतं, तो दाखवलाच पाहिजे.

जमैका देशाचा बॉब मार्ले हा जगप्रसिद्ध गायक. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असा डाग होता. आधी वाटलं, फुटबॉल खेळताना लागलं असेल. १९७७ साली कॅन्सर ठरला. अंगठा काढण्याचा सल्ला त्यानं मानला नाही. १९८१ साली तो वारला. तेव्हा तो अवघा ३६ वर्षांचा होता.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, नाडा बदला. सुतळीसारखा बारीक नाडा कातडीत रुततो. चार बोटं रुंद कापडी पट्टी लावा. ती घरीही शिवता येते. बांधताना आत दोन बोटं सहज जातील एवढी ढिली बांधा. गाठ रोज एकाच जागी नको. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. रात्री निजताना नाडा ढिला करा. चंची आणि पैसे कमरेला खोचण्यापेक्षा पिशवीत ठेवा. लहान मुलांचा करगोटाही पाहा. मूल वाढतं, पण दोरा वाढत नाही. रुतत असेल तर सोडा.

दुसरी गोष्ट, पाहा. महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी कंबर, जांघा, तळवे, नखं पाहा. स्वतःला दिसत नसेल तर सुनेला, लेकीला, नवऱ्याला, बायकोला पाहायला सांगा.

तिसरी गोष्ट, दाखवा. एक महिना हे माप धरा. या अमावास्येला असलेली जखम पुढच्या अमावास्येला भरलेली नसेल, तर डॉक्टरकडे जा. वाढत असेल किंवा रक्त येत असेल, तर महिनाभरही थांबू नका. आशाताईला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतील. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचाराची सोय आहे. त्याची चौकशी करा.

डॉक्टर पुरुष असला आणि लाज वाटली, तर "बाई डॉक्टर किंवा नर्सबाई बोलवा," असं सांगा. तसं सांगण्यात काही चूक नाही. मात्र नुसतं तोंडानं सांगून मलम आणू नका. जखम दाखवा. डॉक्टरनं पाहिली नाही, तर आपण म्हणावं, "साहेब, एकदा पाहून घ्या."

चौथी गोष्ट, तुकडा काढायला भिऊ नका. "चाकू लागला की कॅन्सर पसरतो," असं लोक म्हणतात. ते खरं नाही. जागा बधिर करून बारीक तुकडा काढतात. त्यावरूनच रोग कळतो. रोग पसरतो तो उशीर केल्यानं.

पाचवी गोष्ट, जखमेवर चुना, तंबाखू, राख लावू नका. आणि रोग्याला दूर बसवू नका. हा रोग शिवल्यानं लागत नाही. तो कुणाच्या शापानं किंवा पापानंही होत नाही.

त्या तिसऱ्या बाईचं काय झालं?

वर्गात मान खाली घालून बसलेली ती बाई आठवते ना? आक्काची गोष्ट संपल्यावर सगळ्या उठल्या. ती मात्र मागं थांबली. आम्हाला काही बोलली नाही. आमच्या घरातल्या मंडळींशी कानात बोलली. दोन दिवसांनी त्या दोघी मिळून दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली. कॅन्सर नव्हता. घामानं आणि नाड्यानं झालेलं गजकर्ण होतं. खाजवून खाजवून त्याची जखम झाली होती. औषधानं आणि सैल नाड्यानं ती पाचसहा आठवड्यांत बरी झाली.

ती बाई पुन्हा वर्गाला आली, तेव्हा पुढच्या रांगेत बसली. म्हणाली, "गुरुजी, दोन वर्षं मी मनातल्या मनात मरत होते. नुसतं दाखवलं आणि सुटले."

पुढं यात्रेत तिनं रुंद पट्टीचं कापड घेतलं. आक्कासाठीही एक तुकडा धाडला.

लक्षात ठेवा

१. नाडा रुंद, गाठ सैल. जागा रोज बदला.
२. महिन्यात न भरणारी जखम डॉक्टरला दाखवा.
३. तळव्यावरचा किंवा नखाखालचा वाढता काळा डाग दाखवा.
४. जुन्या भाजल्याच्या डागात नवी जखम झाली तर दाखवा.
५. तुकडा काढल्यानं रोग पसरत नाही. उशीर केल्यानं पसरतो.

प्रश्न

१. आक्कानं जखम का लपवली? तिच्या जागी तुम्ही असता तर कुणाला सांगितलं असतं?
२. डॉ. खानोलकर कोणत्या रुग्णालयात काम करत होते? त्यांनी कोणता रोग सांगितला?
३. ठेचेचं काळं नख आणि रोगाचं काळं नख यांत फरक काय?
४. आज घरी गेल्यावर आपला नाडा पाहा. तो किती बोटं रुंद आहे, ते वहीत लिहून आणा.

नवे शब्द वाचा आणि लिहा

त्वचा – कातडी. कर्करोग – कॅन्सर. पेशी – शरीराचा अगदी बारीक कण. निदान – रोग ओळखणं. शस्त्रक्रिया – ऑपरेशन. जांघ – मांडी आणि पोट मिळतात तो सांधा.